जाहिरातीचा साक्षीदार कोण?

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात, रिद्धपूर आहे. महानुभावांची काशी म्हणून ते ओळखले जाते. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात इथेच म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे काम केले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करताना त्यांनी एक शिस्त पाळली. आधी स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारायचे आणि जो प्रसंग त्यांनी स्वतः पाहिलेला नसेल, त्यासाठी तो पाहिलेल्या माणसाचे गाव गाठायचे. पुढे मूळ पोथी धाडीत गेली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. त्या वेळी कोणाच्या आठवणीतला पाठ कोणता, याचीही नोंद राहिली. हिराइसेचा पाठ आजही अभ्यासक तिच्या नावाने ओळखतात. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि दुसरा कोणी वेगळे सांगतो का, हे तीन प्रश्न विचारत मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ तयार झाला. राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूर निवडले, ते या वारशामुळे.

आज या भागातल्या कोणत्याही फाट्यावर उभे राहिले तर नजर जाईल तिथे दावे दिसतात. विक्रमी उत्पादन देणारे कपाशीचे वाण, संत्र्याची फळगळ हमखास थांबवणारे टॉनिक, शंभर टक्के निकाल देणारे क्लासेस, नटाच्या हातातली इलायची, पन्नास चेहऱ्यांमध्ये हात जोडून उभे असलेले भावी नगराध्यक्ष. प्रत्येक फलक ठामपणे बोलतो. पण हे कोण सांगते आहे आणि त्याने ते कुठे पाहिले, एवढे विचारले की बहुतेक फलक गप्प होतात.

या गप्प होण्यामागे ठरावीक तंत्रे आहेत. ती युद्धकाळातल्या सरकारांनी वापरली, राजकीय पक्षांनी वापरली आणि साबण-तेल विकणाऱ्यांनीही वापरली. एकदा ओळख पटली की ती सगळीकडे दिसू लागतात. वऱ्हाडाला ती ओळखण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण इथे जाहिरातीवर विश्वास ठेवण्याची किंमत अख्ख्या हंगामाने मोजावी लागते.

भांबराजाचे पान

यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावे 2008 साली इंग्रजी वृत्तपत्राच्या पूर्ण पानावर झळकली. 31 ऑक्टोबर 2008 रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या नागपूर आवृत्तीत बोंडअळीरोधक बीटी कपाशीमुळे या गावांचे कसे सोने झाले, अशा आशयाचा मजकूर आला. बीटी आल्यापासून इथे एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केली नाही, असे त्यात म्हटले होते. पत्रकारांचा यवतमाळ दौरा महिको मोन्सॅन्टो बायोटेक या बियाणे तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीने आखला होता, ही ओळही त्याच पानावर बारीक अक्षरांत होती.

28 ऑगस्ट 2011 रोजी तेच पान पुन्हा छापून आले. पहिल्या वेळी ते बातमी होते, दुसऱ्या वेळी जाहिरात. त्यानंतरच्या काही दिवसांत आणखी जाहिराती आल्या. या तंत्रज्ञानामुळे कापूस उत्पादकांचे उत्पन्न 31,500 कोटी रुपयांहून अधिक वाढले, असा दावा त्यांत होता. जाहिरात उद्योगाने स्वतःच्या नियमनासाठी 1985 साली मुंबईत स्थापन केलेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाकडे म्हणजे ‘आस्की’कडे या दाव्यांविरुद्ध तक्रार गेली. दाव्यांना पुरेसा आधार दिला गेला नाही, असा निष्कर्ष परिषदेने काढला आणि कंपनीने जाहिरातीत बदल करण्याचे मान्य केले.

मार्च 2012 मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती यवतमाळ जिल्ह्यात आली. भांबराजाच्या लोकांनी समितीसमोर सांगितले की गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बीटी आल्यानंतरच्या आहेत. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी मे 2012 मध्ये ‘द हिंदू’त हे सगळे प्रकरण मांडले. 2003 ते 2009 या काळातल्या नऊ आत्महत्यांची पडताळणी त्यांच्या वृत्तपत्राने केली होती. 2008 चा मजकूर पत्रकारांनी स्वतः लिहिला, त्यासाठी पैसे दिले नाहीत आणि 2011 मध्ये तो जसाच्या तसा पुन्हा छापला, अशी कंपनीची बाजूही त्यांनी दिली.

या प्रकरणाचा अर्थ बीटी तंत्रज्ञान निव्वळ फसवे होते, असा काढता येत नाही. केंद्राने 26 मार्च 2002 रोजी महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरची फवारणी खरोखर कमी झाली. अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे 10 जून 2019 रोजी शेतकरी संघटनेने परवानगी नसलेले तणनाशकसहनशील बियाणे जाहीरपणे पेरले. नवे तंत्रज्ञान हवे असणारा शेतकरीही इथे आहे. पण गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचे 2010 मध्ये गुजरातच्या संदर्भात जाहीर झाले होते. 2017 मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्याने वेचणीच्या वेळी बोंड फोडले, तेव्हा आत किडकी सरकी आणि कवडी झालेला कापूस निघाला. तंत्रज्ञानाला मर्यादा असतात आणि त्या कालांतराने उघड होतात. जाहिरातीच्या पानावर मात्र मर्यादेला जागा नव्हती. तिथे दोन गावे, हसरे चेहरे आणि एक मोठा आकडा होता.

सात युक्त्या

अशा पानाची चिरफाड करण्याची रीत 1937 साली न्यूयॉर्कमध्ये ठरली. युरोपात हुकूमशहांचा आणि अमेरिकेत रेडिओवरच्या भडक वक्त्यांचा जोर वाढत असताना क्लाइड मिलर या प्राध्यापकाने ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनॅलिसिस’ ही संस्था काढली. तिने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी केली आणि ती शाळा-कॉलेजांपर्यंत नेली. अमेरिका महायुद्धात उतरल्यावर, 1942 मध्ये, संस्था बंद पडली. यादी मात्र टिकली. ती राजकीय प्रचारासाठी केलेली असली तरी वऱ्हाडातल्या फलकांनाही ती नेमकी लागू पडते.

पहिली युक्ती झगमगत्या शब्दांची. शुद्ध, नैसर्गिक, अस्सल, वैज्ञानिक, पौष्टिक. हे शब्द कानाला गोड लागतात, पण त्यांचे मोजमाप कोणालाच करता येत नाही. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी वर्षानुवर्षे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकल्या गेल्या. 2023 मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दलच्या एका व्हिडिओवरून देशभर वाद झाला. तेव्हा कळले की अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही. कंपनीने त्याच वर्षी साखर कमी केली आणि एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या सदरातून काढायला सांगितली. एका पिढीच्या आयांनी ज्या शब्दावर विश्वास ठेवून डबा घरात आणला, त्या शब्दाला कायद्यात कधीच अर्थ नव्हता.

दुसरी युक्ती पुण्याई उसनी घेण्याची. लोकांची ज्यावर श्रद्धा आहे ते चित्र मालाशेजारी ठेवायचे, म्हणजे श्रद्धा आपोआप मालाकडे वळते. स्वदेशीच्या काळात रवींद्रनाथ ठाकूरांनी गोदरेजच्या साबणाची शिफारस केली, तेव्हा साबणाला राष्ट्रकार्याचे तेज आले. अलीकडच्या काळात हीच युक्ती टीव्हीवरच्या ‘हनुमान चालिसा यंत्रा’च्या जाहिरातींनी वापरली. औरंगाबादच्या एका शिक्षकाने त्याविरुद्ध याचिका केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये निकाल दिला. अलौकिक गुण सांगून यंत्रे विकणाऱ्या जाहिराती महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहेत, आणि त्या दाखवणारी वाहिनीही जबाबदार आहे, असे त्या निकालाने स्पष्ट केले. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्य वेचले आणि ज्याचा वटहुकूम त्यांच्या हत्येनंतर चार दिवसांत निघाला, तो कायदा जाहिरातीलाही लागू होतो, हे त्यातून सिद्ध झाले.

तिसरी युक्ती नामवंतांच्या साक्षीची. तंबाखूच्या जाहिरातींवर 2003 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. तरीही त्याच नावाची, त्याच रंगांची इलायची नटांच्या हातात दिसते, कारण विकायची असते ती इलायची नव्हे, ते नाव. अमिताभ बच्चन यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये अशा एका जाहिरातीतून अंग काढून घेतले. अक्षय कुमार यांनी एप्रिल 2022 मध्ये चाहत्यांची माफी मागून तेच केले. दोघांच्याही माघारीमागे लोकांची नाराजी होती. प्रेक्षक बोलला की मोठे नावही मागे हटते, हे इथे दिसले.

चौथी युक्ती आपल्यातलाच माणूस पुढे करण्याची. मोबाइलवर धोतर-टोपीतला माणूस ‘काय सांगू भाऊ’ म्हणत खास वऱ्हाडी बोलीत पंप, पीव्हीसी पाइप किंवा खत विकतो. बोली ओळखीची असली की सावधपणा सुटतो. यूट्यूबवर शेतीची माहिती देणारे अनेक जण खरोखर उपयोगी बोलतात. पण त्याच व्हिडिओत एखाद्या औषधाचे नाव तीनदा आले, तर ते फुकट आले की पैसे घेऊन, हे कळायला हवे. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट जाहीर करावी, असे आस्कीने मे 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे. पाळणारे कमी आहेत, म्हणून ‘भाऊ, याचे पैसे मिळाले का?’ हे खाली बेधडक लिहून विचारावे.

पाचवी युक्ती गर्दीची. ‘लाखो शेतकऱ्यांची पसंती’, ‘घराघरातले नाव’, ‘महाराष्ट्रात नंबर 1’. सगळे चालले आहेत, तुम्हीच मागे राहिलात, असा तिचा सूर. नंबर कोणी दिला, कोणत्या वर्षी, किती जणांमधून, हे फुलीच्या खुणेने खाली ढकललेले असते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची चेहऱ्यांची रांगही याच जातीची. त्यात कामाचा एक शब्द नसतो, फक्त माणसे मोजून दाखवलेली असतात. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयाने वारंवार फटकारूनही ते उभे राहतात, कारण गर्दीचे चित्र मनावर काम करते, हे लावणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

सहावी युक्ती नावे ठेवण्याची. प्रतिस्पर्ध्याचे नाव न घेता त्याला ‘साधा’, ‘लोकल’, ‘जुनाट’, ‘सुटा’ ठरवायचे. घाण्यावरचे तेल, घरचे बियाणे, सावळा रंग, या सगळ्यांना जाहिरातीने पिढ्यान् पिढ्या कमीपणा दिला. गोरेपणाच्या क्रीमने 1975 पासून लग्न आणि नोकरी यांचा संबंध त्वचेच्या रंगाशी जोडला. जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठल्यावर 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ गेला. त्याआधीची पंचेचाळीस वर्षे वऱ्हाडातल्या किती मुलींनी आरशात स्वतःला कमी लेखले असेल, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नाही.

सातवी युक्ती सर्वांत चतुर आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे.

खरे, पण अर्धे

पत्त्यांच्या खेळात हुकुमाची पाने आधीच आपल्याकडे लावून घ्यावीत, तशी ही युक्ती आहे. यात खोटे बोलावे लागत नाही. सोयीचे खरे सांगायचे आणि गैरसोयीचे खरे झाकायचे.

किराणा दुकानातल्या तेलाच्या पिशव्या पाहाव्यात. सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा, कोणतेही तेल असो, पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले सापडते. विधान शंभर टक्के खरे आहे. मात्र कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. वनस्पतीच्या तेलात ते नावालाही नसते. म्हणजे या पिशवीत नाही, शेजारच्या पिशवीत नाही आणि गावातल्या घाण्यावरच्या डब्यातही नाही. सर्वांत असलेला गुण एकाने आपल्या नावावर लावला, एवढेच घडले. हृदयाचा विकार असलेल्या घरात मात्र हीच पिशवी दोन पैसे जास्त देऊन आणली जाते आणि तेल कमी वापरण्याचा डॉक्टरांचा सल्ला मागे पडतो.

आता मृगाच्या तोंडावर कृषी केंद्राबाहेर लागणारा बियाण्यांचा फ्लेक्स घ्यावा. मधोमध बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी. बाजूला शेतकऱ्याचा फोटो, त्याचे नाव, गाव, कधी फोन नंबरसुद्धा. वर ठळक आकडा: एकरी इतके क्विंटल. साक्षीदार तर समोर उभा आहे, मग अजून काय हवे? तर बरेच काही. ते शेत ओलिताचे की कोरडवाहू? जमीन काळी, भारी की मुरमाड? तो आकडा एका एकराचा की पूर्ण शेताच्या सरासरीचा? त्या वर्षी पाऊस कसा होता? फवारण्या किती, खताचा खर्च किती आणि वेचाईची मजुरी किती गेली? हेच वाण लावलेल्या दहा शेतकऱ्यांपैकी बाकी नऊ जणांचे काय झाले? फोटोतला माणूस खोटे बोलत नसेलही. पण विदर्भातली बहुतांश कपाशी पावसाच्या पाण्यावर आहे आणि ओलिताच्या एका शेताचा आकडा दाखवून कोरडवाहू शेतकऱ्याला पाकीट विकले, तर खऱ्या साक्षीतून खोटा निष्कर्ष निघतो. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वाणांच्या चाचण्या अनेक ठिकाणी, अनेक हंगाम घेते, ते याच कारणासाठी. एका शेतावरून वाणाची पारख होत नाही.

संत्रा बागायतदाराची गोष्ट वेगळी नाही. आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की तो हवालदिल होतो आणि नेमक्या त्याच आठवड्यांत टॉनिकच्या बाटल्यांच्या जाहिराती वाढतात. फळगळीची कारणे अनेक असतात: बुरशी, अन्नद्रव्यांची कमतरता, पाण्याचा ताण किंवा अतिपाऊस, रस शोषणारे पतंग. एक बाटली या सगळ्यांवर उपाय कसा ठरेल? ‘बायोस्टिम्युलंट’ या नावाने विकली जाणारी ही उत्पादने फेब्रुवारी 2021 पर्यंत खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेतच नव्हती. आता ती आहेत. त्यामुळे बाटलीवर नोंदणीचा तपशील आहे का आणि ते उत्पादन संत्र्यासाठी मान्य आहे का, हे पाहण्याचा हक्क बागायतदाराला मिळाला आहे.

अकोल्यात मोठे झालेले आणि आता अमरावतीतही फोफावलेले क्लासेसचे क्षेत्र याच युक्तीवर उभे राहिले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फलकांवर गुणवंतांचे फोटो येतात. मुलगा दोन वर्षे तिथे शिकला, की फक्त सराव परीक्षांना बसला, की मोफत मुलाखत मार्गदर्शनाला एकदा गेला, याचा उल्लेख नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तपास केला, तेव्हा यूपीएससीचे तेच यशस्वी उमेदवार अनेक संस्थांच्या जाहिरातींत सापडले. नोव्हेंबर 2024 मध्ये प्राधिकरणाने कोचिंग संस्थांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निकालानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो वापरता येणार नाही. त्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ केला आणि तो सशुल्क होता का, हे सांगावे लागेल. फलकावर किती जण उत्तीर्ण झाले हे लिहिलेले असते. किती जणांनी प्रवेश घेतला होता, हे पालकांनी तोंडी विचारायला हवे.

भीती, घाई आणि बातमीचा वेश

सातच्या यादीबाहेरही दोन जुनी हत्यारे आहेत. एक भीती. मुलाची उंची वाढणार नाही, साखर वाढेल, दात किडतील, शेजारी पुढे जाईल. आजाराची भीती घालून औषध विकण्याला 1954 च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्याने वेसण घातली. मधुमेह आणि कर्करोगापासून उंची वाढवण्यापर्यंत अनेक विकारांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात तो कायदा गुन्हा ठरवतो. सत्तर वर्षांनंतरही अशा जाहिराती बसस्थानकाच्या भिंतींवर आणि मोबाइलच्या पडद्यावर आहेत. 2024 मध्ये पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयाने अवमानाची कारवाई चालवली. कंपनीला वृत्तपत्रांत जाहीर माफी छापावी लागली, आणि ती जाहिरातींइतकीच ठळक आहे का, हेही न्यायालयाने विचारले. माफी स्वीकारून ऑगस्ट 2024 मध्ये ते अवमान प्रकरण बंद झाले.

दुसरे हत्यार घाई. ‘फक्त आज’, ‘शेवटचे तीन नग’, पडद्यावर उलटे धावणारे घड्याळ. विचार करायला लागणारा वेळच हिरावून घेण्याची ही रीत. केंद्राने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन विक्रीतल्या अशा तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई त्यांतली पहिली आहे. न मागता टोपलीत वस्तू टाकणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणारी वाक्ये लिहिणे, हेही त्यात आहे.

आणि या सर्वांवर कडी करणारा प्रकार म्हणजे बातमीचा वेश घेतलेली जाहिरात. जाहिरात आहे हे कळले, तर वाचक निदान सावध असतो. भांबराजाचे पान पहिल्यांदा बातमी म्हणून आले, म्हणूनच ते जास्त परिणामकारक ठरले. याचा इतिहास जुना आहे. 31 मार्च 1929 रोजी, ईस्टरच्या मिरवणुकीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काही तरुणींनी सिगारेट पेटवल्या. ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून त्यांच्या बातम्या छापून आल्या. प्रत्यक्षात हा प्रसंग अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी एडवर्ड बर्नेज यांनी आखला होता. स्त्रियांच्या हक्काची खरी भावना सिगारेटच्या खपासाठी वापरली गेली. महाराष्ट्रात 2009 च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत उमेदवाराची स्तुती शब्दशः सारखी छापून आली. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घरोघर पोचला आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. आजही पुरवणीच्या पानावर कोपऱ्यात ‘मीडिया मार्केटिंग उपक्रम’ अशी मुंगीएवढी ओळ असते. पान उलटण्याआधी तो कोपरा वाचण्याची सवय लागायला हवी.

कायदा कुठवर पोचला

महाराष्ट्रात ग्राहकाच्या हक्काची चळवळ नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा अशाच चळवळींच्या रेट्यातून आला. 2019 च्या नव्या कायद्याने केंद्रीय प्राधिकरण निर्माण केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते दहा लाखांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते आणि शिफारस करणाऱ्या नामवंताला एक ते तीन वर्षे जाहिरातबंदी घालू शकते. 9 जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणखी एक उपयुक्त नियम आहे: दावा ज्या भाषेत, तळटीपही त्याच भाषेत हवी आणि तिने मुख्य दाव्याला छेद देता कामा नये. मराठीत मोठा दावा आणि खाली इंग्रजीत बारीक अटी, असे दिसले की तिथेच नियम मोडलेला असतो. हे ओळखायला वकील लागत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निकाल जानेवारी 2012 चा. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि नुकसानभरपाईसाठी तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. आजच्या नियमांप्रमाणे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही.

तरीही कायदा जाहिरातीच्या मागून चालतो. तक्रार होईपर्यंत हंगाम गेलेला असतो आणि कारवाई होईपर्यंत मोहीम संपलेली असते. आस्कीचे नियम मुळात उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेले आहेत. मोबाइलवरची जाहिरात तर प्रत्येकाला वेगळी दिसते आणि तासाभरात नाहीशी होते, मग तिच्याविरुद्ध पुरावा कोणी ठेवायचा? म्हणून खरा बंदोबस्त पाहणाऱ्याच्या नजरेतच व्हायला हवा आणि ती नजर शाळेत घडवायला हवी. आठवी-नववीच्या मराठीच्या तासाला जाहिरात ‘लिहायला’ शिकवतात, कारण उपयोजित लेखनात तिला गुण आहेत. तितकेच गुण जाहिरात तपासण्याला द्यावेत. घरून तेलाची पिशवी, बियाण्याचे पत्रक, क्लासचा फलक आणावा आणि मुलांनी प्रत्येक दाव्यापुढे लिहावे: कोण म्हणतो, त्याला यातून काय मिळते, त्याने काय सांगितले नाही. रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाने असा छोटा पाठ्यक्रम तयार करून वऱ्हाडातल्या शाळांना दिला, तर भाषेच्या अभ्यासाचा उपयोग पहिल्याच वर्षी शेतात आणि बाजारात दिसेल.

तोवर येत्या खरिपासाठी एक काम प्रत्येक शेतकऱ्याला करता येईल. बियाणे घेताना पक्की पावती, रिकामे पाकीट, त्यावरचे लेबल आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा, असे कृषी विभाग दर वर्षी सांगतो. त्याच पिशवीत ज्या पत्रकावर विश्वास ठेवून ते वाण घेतले ते पत्रकही ठेवावे आणि दुकानाबाहेरच्या फ्लेक्सचा तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवावा. फ्लेक्स पावसाळ्यात उतरतो, फोटो राहतो, आणि दिशाभूल झाल्याची तक्रार करताना तोच पुरावा होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे मराठीत बोलता येते.